मशीनवरची कंबर

गणपती जवळ आले की मारुती मंदिर भागातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. चाकरमानी उतरायच्या आत ब्लाउज तयार हवेत. त्या दिवसांत माझी कंबर हटकून धरायची, तीही मशीनवर बसलेली असताना नव्हे, तर उठताना. पहिली काही पावलं वाकूनच पडायची. रात्री उताणं झोपलं की कळ, गुडघ्यांखाली उशी सारली की बरं. सासूबाईंनी निगडीच्या पाल्याने शेकलं, नारायण तेल झालं. एक्स-रेत वयाला साजेसे थोडे बदल, बाकी काही नाही.

शेवटी जिच्याकडे गेले त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने कमरेला हात लावायच्या आधी मला चालायला लावलं. "काकू, तुमचा पाय मागे जातच नाही!" मग टेबलाच्या कडेला उताणं झोपवून एक गुडघा छातीशी धरायला सांगितला. दुसरी मांडी टेबलाला टेकायला हवी, माझी अधांतरीच. या तपासणीला थॉमस टेस्ट म्हणतात, 19व्या शतकातल्या लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस या डॉक्टरांच्या नावावरून.

माझी मांडी अधांतरी राहिली ती आखडलेल्या सोआसमुळे, असं तिने सांगितलं. हा स्नायू कमरेच्या मणक्यांपासून निघतो आणि जांघेतून खाली येऊन मांडीच्या हाडाला आतून चिकटतो. बसलेलं असताना तो आखूड असतो. वर्षानुवर्षं तसंच बसलं की उभं राहताना पुरता सैल सुटत नाही. मग मणक्यांनाच पुढे ओढतो, कमरेचा बाक वाढतो आणि मणक्यांच्या मागच्या सांध्यांवर भार येतो. कंबर दुखली की 'वाकून अंगठे धर' सांगणारे आमच्याकडे घरोघरी, पण पुढे वाकल्यावर हा स्नायू सैलच पडतो, ताणला जात नाही.

तिने शिकवलं ते असं: एक गुडघा चटईवर, दुसरं पाऊल पुढे. मागच्या पायाकडचा कुल्ला घट्ट आवळायचा, मगच अंग जरासं पुढे न्यायचं. आवळलं नाही तर ताण जांघेऐवजी कमरेत जातो. आणि कुल्ल्यांना बळ यावं म्हणून उताणं झोपून कंबर उचलायची.

सगळ्या कंबरदुखीचं खापर सोआसवर फोडू नका, हेही तिनेच बजावलं. पायातलं बळ गेलं, बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर व्यायाम करत न बसता सरळ सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं.

माझं दुखणं अजून अधूनमधून डोकं वर काढतं, पण उठताना वाकावं लागत नाही. स्टूल उंच केलंय आणि बॉबिनमधला दोरा संपला की उठायचंच, असं ठरवलंय. अस्तराचे ब्लाउज असले की तो लवकर संपतो.