रविवारी काय जेवलात?

भरलं वांगं तुम्ही खाल्लंच असेल. आमच्या उमरीकडं, म्हणजे नांदेड जिल्ह्यात, ते ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात. वांग्याला देठ न तोडता चिरा द्यायच्या, आत शेंगदाण्याचं कूट आणि मसाला दाबून भरायचा, करडईच्या तेलात परतायचं आणि झाकण ठेवून वाफेवर शिजू द्यायचं. आज मी तुम्हाला या भरल्या वांग्याच्या एका भावाची ओळख करून देणार आहे. मात्र हा भाऊ झाडाला लागत नाही हं! त्याचं नाव भरलेला पोर्क चॉप. पोर्क म्हणजे डुकराचं मटण.

वाचता वाचता काहींनी नाक मुरडलं असेल. मुरडू द्या. कुणाच्या धर्मात हे मांस वर्ज्य आहे, कुणाच्या घरी मांसच खात नाहीत. त्यांनी ते खावं म्हणून मी हे लिहीत नाही. पण ज्यांच्या घरी शिजतं त्यांना ते लपवावं लागू नये, एवढं मात्र मला मनापासून वाटतं. का वाटतं, ते ऐका.

सोमवारी सकाळी मी चौथीच्या वर्गात एक प्रश्न विचारतो, "काल काय जेवलात?" परिसर अभ्यासात आहाराचा भाग असतो, त्यासाठी हा प्रश्न फार उपयोगी पडतो. कुणी शेंगुळे सांगतं, कुणी अंबाडीची भाजी, कुणी कोंबडीचा रस्सा. एक मुलगी मात्र तीन सोमवार झाले तरी एकच उत्तर देत होती, "वरण-भात." तिसऱ्या सोमवारी मागच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, "खोटं बोलायली सर ही! हिच्या घरी डुक्कर शिजलं व्हतं. आमच्या घरापस्तोर वास आलता."

सगळा वर्ग हसला. ती मुलगी मान खाली घालून दप्तराचा बंद ओढत बसली.

मी म्हणालो, "बरं झालं विषय निघाला. काल माझ्याही घरी डुकराचंच मटण होतं. भरून केलं होतं, अन् मीच केलं होतं."

वर्ग एकदम चिडीचूप. मग एकानं विचारलं, "सर, तुम्ही सैपाक करता?" दुसरा म्हणाला, "भरून म्हंजे? वांग्यावानी?" आणि मग ती मुलगी, जी तीन आठवडे वरण-भाताच्या पलीकडं बोलली नव्हती, ती हळूच म्हणाली, "सर, तोंड बंद करायला काडी लावता का दोरा?"

बघा, प्रश्न कसा नेमका! ज्यानं कधी काही भरून शिजवलं आहे, त्यालाच तो सुचतो. भरणं सोपं असतं, भरलेलं आत राखणं अवघड. तिनं घरी आईच्या हाताखाली काम केलेलं होतं. ते ज्ञान ती वर्गाबाहेर ठेवून येत होती, इतकंच.

आमच्या घरी मी लहान असताना हे मटण भरून कधीच झालं नाही. डुक्कर कापलं की चार-सहा घरं मिळून वाटे घालायची. सुऱ्यानं खटाखट बारीक तुकडे व्हायचे. कांदा, लसूण, काळा मसाला घालून आजी पातळ रस्सा करायची, कारण खाणारी तोंडं जास्त आणि मटण थोडं. रस्सा वाढवता येतो, मटण वाढवता येत नाही! त्यात भाकरी चुरून खायची. "काय शिजलं ते चुलीला ठाऊक, गावाला कशाला?" असं आजी म्हणायची. मग माझा धाकटा भाऊ गोव्याला एका हॉटेलात कामाला लागला. एका दिवाळीत तो घरी आला तेव्हा वाटा घेतानाच त्यानं सांगितलं, "बरगडीचा भाग तोडू नका, अख्खा ठेवा." पाठीच्या कण्यालगतचं जाड मांस बरगडीच्या हाडासकट आडवं कापलं, की त्या कापाला चॉप म्हणतात. इंग्रजीत चॉप म्हणजे कापणं, म्हणून हे नाव.

गोव्यात भरण्याची मोठी हौस. तिथं 'रेशाद' नावाचा लाल मसाला असतो, तो बांगड्याच्या पोटात भरतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतला, आणि त्याचा अर्थच मुळी 'भरलेलं'. तिथला 'चोरीस' म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे मिरची, लसूण, व्हिनेगर लावून आतड्यात भरायचे आणि वाळवायचे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १९६१ पर्यंत ते तिथं होते. मिरची मूळची अमेरिका खंडातली, ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडं आली. आणि भुईमूग? तोही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे आपल्या भरल्या वांग्यातलं वांगं इथलं, तीळ इथला. पण तिखट आणि कूट समुद्रापलीकडून आलेलं. तरी आपण त्याला अस्सल गावरान म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. ज्या हातांनी ते शेकडो वर्षं केलं, त्यांचंच ते झालं.

भावानं गोव्याची पद्धत घेतली आणि सारण मात्र आईच्या भरल्या वांग्याचं घातलं. आई आधी म्हणाली, "कसं करायलास रे बाबा हे!" आणि मग स्वतःच पाटा घेऊन बसली.

आता कृती. सुरी आणि गरम तेल आहे, तेव्हा घरातलं मोठं माणूस शेजारी हवंच.

चार चॉप घ्या, दीड इंच जाड. पातळ असतील तर भरता येणार नाहीत. प्रत्येकाच्या चरबीच्या काठाकडून, म्हणजे हाडाच्या उलट बाजूनं, सुरीचं टोक आत घालून खिसा करा. खिशाचं तोंड लहान ठेवा, आत मात्र सुरी दोन्ही बाजूंना फिरवा. हाडाच्या अर्धा इंच अलीकडं थांबा, नाहीतर खिशाला भोक पडेल. मीठ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे आलं-लसणाचं वाटण आणि एका लिंबाचा रस आतून-बाहेरून चोळा आणि तासभर झाकून ठेवा.

सारणासाठी अर्धी वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट, दोन-दोन चमचे भाजलेले तीळ आणि किसलेलं सुकं खोबरं, एक चमचा कारळं, परतलेला एक कांदा, लसणाच्या सहा-सात पाकळ्या, दोन चमचे काळा मसाला, मीठ आणि कोथिंबीर हे सगळं जाडसर वाटा. खिसा ठासून भरू नका. दोन हिश्शे भरा, एक हिस्सा मोकळा सोडा. उष्णतेनं मांस आवळतं, आणि जागा नसेल तर सारण बाहेर ढकललं जातं. मग तोंड काडीनं टाचा किंवा पांढऱ्या सुती दोऱ्यानं शिवा. वाढण्याआधी काडी-दोरा मोजून काढायला विसरू नका!

लोखंडी कढईत थोडं तेल तापवून आधी चरबीचा काठ खाली करून चॉप उभा धरा. चरबी सुटते, त्यातच तो दोन्ही बाजूंनी तांबूस भाजा. मग अर्धी वाटी गरम पाणी घाला, वर ताट ठेवून ताटातही पाणी घाला आणि मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं शिजू द्या. मध्ये एकदा उलटा, पाणी आटलं तर ताटातलं गरम पाणी थोडं आत सोडा. इथं घाई चालत नाही. अख्खा चॉप आतून ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापला आणि उतरवल्यावर तीन मिनिटं तसाच ठेवला, की खाण्याजोगा होतो. पण भरलेल्या चॉपमध्ये कच्च्या मांसाचा रस सारणात उतरतो, म्हणून सारणाच्या मध्यभागी ७४ अंश व्हायला हवेत. मोजायला तापमापी नसेल तर सुरी टोचून बघा. ती सहज आत जावी, पाझरणारं पाणी गुलाबी नसावं आणि सारण कढत असावं. थोडी जरी शंका आली, तरी आणखी दहा मिनिटं ठेवा.

एवढी काळजी कशासाठी? तर पट्टकृमीसाठी. कच्च्या राहिलेल्या डुकराच्या मांसात या कृमीच्या बारीक पिशव्या असू शकतात. त्या पोटात गेल्या की माणसाच्या आतड्यात लांबलचक कृमी वाढतो. नीट शिजवलं की पिशव्या मरतात. पण खरी गंमत पुढं आहे, नीट वाचा. डुकराला हा कृमी होतो कुठून? माणसाच्या विष्ठेतून! ज्याच्या पोटात कृमी आहे तो माणूस उघड्यावर बसला, की कृमीची अंडी तिथं पडतात आणि मोकाट डुक्कर ती खातं. तीच अंडी न धुतलेल्या हातांवरून, न धुतलेल्या भाजीवरून माणसाच्या पोटात गेली, तर मेंदूपर्यंत पोचून फिट येण्याचा आजार होऊ शकतो. ज्यानं जन्मात मटण खाल्लं नाही, त्यालाही! तेव्हा घाणेरडं कोण, याचं उत्तर देताना जरा थांबा. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, म्हणून अंग गार ठेवायला ते चिखलात लोळतं. पुरेशी जागा मिळाली तर झोपायच्या जागी ते घाण करत नाही. संडास वापरणं, साबणानं हात धुणं, भाजी धुणं आणि मांस पुरतं शिजवणं, या चार गोष्टी पाळल्या की रोग दूर राहतो. त्यात कोण कुठल्या घरचा, याचा काही संबंध नाही.

मराठवाड्यातलेच लेखक शाहू पाटोळे यांनी इथल्या दलित घरांतल्या स्वयंपाकावर एक पुस्तक लिहिलं आहे, 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. ते २०१५ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. नावातला 'अपूर्ण' हा शब्द मला फार आवडतो. आपल्याकडं पाककृतींची पुस्तकं पुष्कळ आहेत, पण कितीतरी चुलींवरचं अन्न त्यांत आलेलंच नाही. ते लिहिलं गेलं नाही, म्हणून कमी दर्जाचं ठरत नाही. ते लिहायचं राहिलं आहे, एवढंच. ते आल्याशिवाय पुस्तक पुरं कसं होणार?

म्हणून एक काम करा. तुमच्या घरी जे शिजतं त्यातला एक पदार्थ निवडा. तो कुठलाही असो, भाजीचा, मटणाचा, नाहीतर शिळ्या भाकरीचा. आजीला किंवा आईला विचारून त्याची कृती वहीत उतरून घ्या. आजी म्हणेल, "त्यात काय लिहायचंय रे?" तरी लिहा. किती मीठ, किती वेळ, आणि तोंड बंद करायला काडी की दोरा, तेसुद्धा लिहा.