शिट्टी, चौथी सीट, पाटकरी

कुकर लावला. दाब वाढला की आतली वाफच शिट्टी उचलते, थोडी बाहेर पडते, शिट्टी पुन्हा बसते. भोक डाळीच्या फेसाने तुंबलं तर मात्र झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जातो आणि ओटाभर वरण. शिट्टी म्हणजे स्वनियमन. कायदा मला या व्हॉल्व्हसारखा वाटतो. हवाच, पण रोजचा स्वयंपाक त्याच्यावर होत नाही.

*

उपासाला खिचडीची दुसरी वाटी नको म्हणणं हा संयम. तो माझा मला. स्वनियमनाचा हिशेब शेजाऱ्यालाही दिसतो.

*

लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो, अर्धा बाहेर लोंबकळत. रेल्वेच्या कुठल्या पाटीवर हे लिहिलेलं नाही. उभा असलेला विचारतो, "कुठे?" बसलेला म्हणतो, "ठाणे." झालं, सीट ठरली. मी एकदा न विचारताच रिकाम्या जागेवर टेकलो. कुणी भांडलं नाही. समोरच्या बाईंनी फक्त पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. पुढच्या स्टेशनला मी उठलो. माझं स्टेशन अजून लांब होतं.

*

धुळे-नाशिककडची फड पद्धत. पांझरा, मोसमवरचे बंधारे, त्यावर शेकडो वर्षं चाललेलं पाटपाणी. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं पीक एकच. मला त्यातला पाटकरी फार आवडतो. शेतकऱ्याने आपल्या वाफ्यात आपल्या हाताने पाणी घ्यायचं नाही, ते पाटकरी देणार. तो शेतकऱ्यांनीच नेमलेला, पूर्वी त्याची मजुरी धान्यात. ज्यांचा मोह त्यांनीच स्वतःच्या मोहावर माणूस ठेवला! पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवतात. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते, म्हणून झळही वाटली जाते.

*

1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमध्ये नायगावला पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीवर नाही, डोक्यावर: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. हिवरे बाजार या गावात पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पिकं त्यावर ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. आकडा गावासमोर असला की सरपंचाला ओरडावं लागत नसणार.

*

उद्योगधंदे "आमचं आम्ही बघू" म्हणाले की मी पाकीट चाचपतो. फडात पाणी चोरलं तर ज्याचं गेलं तो बांधावरच असतो. इथे ज्याचं जातं तो खोलीतच नसतो. जाहिरातवाल्यांनी 1985 मध्ये स्वतःची परिषद काढली, आचारसंहिता केली, हे चांगलंच. पण पुढे ती संहिता केबल टीव्हीच्या नियमांतही घालावी लागली. पुन्हा व्हॉल्व्ह.

*

आमच्या सोसायटीत पाणी जपून वापरा, अशी विनंती तीन उन्हाळे लावून झाली. "विनंती" या शब्दावर पाल बसलेली असायची. यंदा सेक्रेटरींनी तो कागद काढला आणि फळ्यावर रोज टँकरचा आकडा लिहायला सुरुवात केली. सोमवारी 3, मंगळवारी 3, बुधवारी 4. काल त्या 4 पुढे कुणीतरी खडूने प्रश्नचिन्ह काढलंय. बुधवारी गाडी आम्हीच धुतली होती.