दुसऱ्या डोसनंतरचे १४ दिवस

डोंबिवली, ९ ऑगस्ट २०२१

काल रात्री मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं, १५ ऑगस्टपासून लोकल सुरू. ऐकून जीव भांड्यात पडला. एप्रिलपासून सर्वसामान्य माणसाला लोकल बंद आहे. पण पुढची अट ऐकली आणि निम्मा आनंद तिथेच विरला: कोरोना लसीचे दोन्ही डोस हवेत, वर १४ दिवस उलटलेले हवेत.

माझं ठीक आहे. मी पंचेचाळिशीपुढची, माझा दुसरा डोस कधीच झालाय. शेजारचा मुलगा मात्र दादरला कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. अठरा वर्षांपुढच्यांना मे महिन्यात परवानगी मिळाली, पण लस कुठे होती? त्याला पहिला डोस मिळाला जुलैच्या मध्यावर. कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर, वर ते १४ दिवस. म्हणजे दसराही उलटून जाईल! तोवर त्याची आई पहाटे साडेचारला पोळ्या लाटणार, तो अंधारात बसची रांग धरणार आणि शिळफाट्याच्या कोंडीत घड्याळ बघत बसणार. उशीर झाला की त्या दिवसाचा खाडा.

भीती मलाही वाटते. एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी झालेली धावाधाव आमच्या इमारतीनं पाहिली आहे. त्यामुळे अटच नको, असं मी म्हणणार नाही. पण ज्यांचं हातावर पोट आहे, त्यांना आधी लस द्या ना! स्टेशनाबाहेरच केंद्रं उघडा, रात्री कामावरून परतणाऱ्यांना तिथेच टोचा. आणि तोवर एक डोस झालेल्यांना निदान ठरावीक वेळेत तरी गाडीत चढू द्या.