गोळ्याचं भोक

रणगाड्याचा निकामी केलेला गोळा घरात मांडायचा असेल, तर त्याच्या अंगात पाडलेलं भोक पाहणाऱ्याच्या समोर आलं पाहिजे, असं माझं मत आहे. या छंदातली रूढ रीत नेमकी उलटी. भोकाची बाजू भिंतीकडे करायची, जमलं तर लांबी भरून ते बुजवायचं, वरून हिरव्या रंगाचा हात मारायचा आणि गोळा जणू नुकताच कारखान्यातून आला आहे अशा दिमाखात उभा करायचा. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या प्रशस्त दिवाणखान्यात तो शोभूनही दिसतो. नाशिककराला तोफगोळ्याचं फारसं अप्रूप नसतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण विद्यालय आहे. ते आजच्या पाकिस्तानातल्या काकूलहून इथे आलं. रणगाड्यांचं माहेर मात्र नगरला, आजच्या अहिल्यानगरला. चिलखती दलाचं केंद्र आणि विद्यालय तिथे, आणि १९९४ साली उघडलेलं रणगाडा संग्रहालयही तिथेच. तोफखान्याचा गोळा रणगाड्याचा म्हणून अभिमानाने दाखवणारे लोक आपल्याकडे आहेत, पण तो वेगळा विषय झाला. माझा मुद्दा भोकाचा आहे, आणि तो नीट मांडायचा तर रणगाड्याच्या तोफेतून संग्राहकाच्या वाट्याला मुळात काय येतं, इथून सुरुवात करावी लागेल.

जे येतं ते दर पिढीगणिक कमी होत गेलं आहे. १९६५ च्या लढाईत आपल्या सेंचुरियन रणगाड्यांवर वीस-पौंडी तोफ होती, समोरच्या पॅटनवर ९० मिलिमीटरची. पुढे चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात तयार झालेल्या विजयंतावर १०५ मिलिमीटरची तोफ आली. या सगळ्यांचं काडतूस एकसंध असे, म्हणजे खाली धातूची लांब पुंगळी आणि तिच्या तोंडात घट्ट बसवलेला गोळा. बार उडाला की गोळा पुढे जाई आणि रिकामी पुंगळी रणगाड्याच्या पोटात पडे. पितळेची असली तर गुडघ्याच्या वर येईल एवढी ती देखणी वस्तू. फुलदाण्या, छत्र्या ठेवायची नळकांडी, मेसमधल्या घंटा हे सगळे तिचेच अवतार. टी-७२ आणि टी-९० यांच्या १२५ मिलिमीटर तोफेने हा प्रकार संपवला. त्यात गोळा वेगळा भरतात आणि दारू वेगळी. दारू ज्या नळीत असते ती नळीच बाराबरोबर जळून जाते आणि मागे उरतो तळाचा फक्त एक बुटका धातूचा तुकडा. आजच्या रणगाड्याने संग्राहकासाठी ठेवलेली वस्तू इतकीच. साहजिकच लोकांची नजर पुंगळीवरून गोळ्याकडे वळली, आणि तीही न उडालेल्या, अख्ख्या, टोकदार गोळ्याकडे. पुंगळी मोकळी आहे हे तिच्या तोंडातून आत पाहिलं की कळतं. बंद गोळ्याचं पोट दिसत नाही. या छंदातला सगळा धोका त्या न दिसणाऱ्या पोटात आहे.

मग गोळा निकामी आहे हे ठरवायचं कशावरून? रंगावरून, असं पुष्कळ जण सांगतात. निळा म्हणजे सरावाचा, आणि सरावाचा म्हणजे निरुपद्रवी, असा हिशेब. पण सरावाचा गोळा कुठे पडला हे लांबून दिसावं म्हणून त्यात धुराचा छोटा बार भरलेला असू शकतो. बोटं उडवायला तेवढा पुरतो. शिवाय रंग कोणीही लावू शकतो, आणि जुन्या बाजारात तो लावलाही जातो. दुसरी खूण सांगतात ती प्रायमरवरच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीवरच्या ठोक्याची. बुडाच्या मधोमध घोड्याचा खळगा दिसला की काडतूस उडून गेलं, असं मानतात. तो खळगा एवढंच सांगतो की ठोका बसला होता. ठोका बसूनही न उडालेल्या काडतुसावर तसाच खळगा असतो, आणि त्याच्याइतका अविश्वासू सोबती दुसरा नाही. विजेने पेटणाऱ्या प्रायमरवर तर उडूनही खळगा पडत नाही. वजनाचंही तेच. सरावाच्या किंवा कवायतीच्या गोळ्यात खऱ्याइतकं वजन भरावं म्हणून वेगळा निरुपद्रवी मसाला ठासतात, त्यामुळे काटा काहीच सिद्ध करत नाही. आणि वय हा सर्वांत फसवा पुरावा. २००८ साली अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातला एक अनुभवी संग्राहक तिथल्या यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना ठार झाला. तो गोळा जवळजवळ दीडशे वर्षं जुना होता. काळी दारू वर्षं मोजत बसत नाही.

आपल्याकडचा दाखला अधिक जवळचा आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ, सोनेगावच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्याचं काम चालू असताना स्फोट होऊन सहा माणसं गेली. तिथे काम रीतसर होतं, जागा ठरलेली होती, माहीतगार माणसं हजर होती. ज्याला हाताशी फक्त ड्रिल यंत्र आणि उत्साह आहे अशा माणसाने यातून काय समजायचं ते स्पष्ट आहे. नगरजवळच्या के. के. रेंज या लष्कराच्या गोळीबार-सराव क्षेत्राच्या परिसरातून भंगार गोळा करताना झालेल्या अपघातांच्या बातम्याही आपण वाचत आलो आहोत. त्या बातम्यांमधला भंगार वेचणारा आणि दिवाणखान्यातला संग्राहक यांच्यामध्ये एक बाजार आहे. संग्राहकाने बिनभोकाच्या गोळ्याला पैसे मोजले, की त्या बाजाराचं दुसरं टोक रेंजच्या हद्दीच्या आत शिरतं. म्हणून भंगारवाल्याकडून आलेला बंद गोळा कितीही स्वस्त आणि कितीही सुंदर असला तरी घ्यायचा नाही, हा नियम मला स्वतःच्या सुरक्षिततेपेक्षाही त्या माणसाच्या हातपायांसाठी महत्त्वाचा वाटतो.

या सगळ्यावर उतारा म्हणून लोक कागदाकडे बोट दाखवतात. देणाऱ्या आस्थापनेचं पत्र आहे, नोंद आहे, मग भोक कशाला? कागद हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण कागद वस्तूपासून फार लवकर सुटतो. संग्राहक आज गंगापूर रोडवर राहतो. उद्या घर बदलतो, परवा तो नसतो. मुलं पुण्यात किंवा परदेशात. कपाट रिकामं करायला आलेल्या भाच्याला फाइल कुठे आहे ते ठाऊक नसतं, आणि हातात मात्र एक टोकदार, जड, हिरवी वस्तू असते. तो ती रद्दीवाल्याला देईल किंवा पोलिसांना फोन करेल. दुसरा मार्ग शहाणपणाचा. पण मग बॉम्बशोधक पथक येणार, सोसायटी रिकामी होणार आणि एका पोकळ लोखंडी नळीसाठी शंभर माणसं रस्त्यावर उभी राहणार. पाठीमागचा उजेड पुढून दिसेल असं आरपार भोक असेल तर हा प्रसंग टळू शकतो. आपल्यावर विश्वास ठेवायचं ज्याला काहीही कारण नाही अशा परक्या माणसालाही ती वस्तू स्वतः उत्तर देते. पत्र, लेबल, मालकाचा शब्द यांतल्या कशालाही हे जमत नाही.

कायद्याकडे पाहिलं तरी तोल याच बाजूला झुकतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या दुसऱ्या कलमात दारूगोळ्याची व्याख्या फार ऐसपैस आहे. तिच्यात गोळे, बॉम्ब, फ्यूज आणि दारूगोळ्याचे सुटे भाग तर येतातच, पण स्फोटक भरण्यासाठी बनवलेल्या वस्तूही येतात, मग आत स्फोटक असो वा नसो. म्हणजे ‘रिकामाच तर आहे’ हा बचाव व्याख्येच्या दारातच अडतो. त्याच कायद्याच्या ४५ व्या कलमात किरकोळ भागांना सूट आहे, पण ते भाग जोडीच्या इतर भागांसह वापरायचा हेतू नसावा, या अटीवर. हेतू कपाटात मांडता येत नाही. ज्याला भोक पाडलं आहे, ज्याची फ्यूजची जागा मोकळी आहे, त्या गोळ्याकडे पाहून हेतू निदान वाचता तरी येतो. रिकामी पुंगळी किरकोळ भाग म्हणून खपेलही. अख्ख्या गोळ्याच्या बाबतीत मी तसं गृहीत धरणार नाही. पोलीस आयुक्तालयाकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय तो घरात आणू नये. हे उत्तर मिळायला वेळ लागतो, कधी कधी ते मिळतच नाही. तसं झालं तर तो गोळा आपला नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. गोळा हा ऐतिहासिक दस्तऐवज आहे, त्याला भोक पाडणं म्हणजे ताम्रपटाला खिळा ठोकणं, असं ते म्हणतात. पण हेच लोक पुंगळीचं काय करतात ते पाहावं. चिंच, मीठ, पितांबरी घेऊन ती लख्ख घासतात. पुंगळीच्या बुडावर तोफेचं माप, कारखान्याची खूण, वर्ष आणि लॉटचा क्रमांक कोरलेला असतो, आणि अंगावर शाईची अक्षरं. १८६९ पासून चालू असलेल्या खडकीच्या कारखान्याची खूण असो की परक्या देशाची, वस्तूचं चरित्र तिथे लिहिलेलं असतं. घासताना आधी शाई जाते, मग हळूहळू कोरलेल्या खुणांच्या कडा. भोक एका जागी पडतं, घासणं सगळीकडे चालतं. पितळ चमकवणाऱ्या काही द्रवांत अमोनिया असतो, आणि काडतुसाच्या पितळेचं अमोनियाशी वैर जुनं आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली असताना आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढताना त्यात राहिलेला ताण यांचा तो मिळून परिणाम होता, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. नाशिकचा श्रावण त्या पावसाळ्यांपेक्षा कोरडा नसतो. तेव्हा दस्तऐवजाची काळजी असलेल्याने आधी घासणं थांबवावं. पुंगळी कोरड्या मऊ फडक्याने पुसावी आणि तिच्यावर चढलेला तपकिरी थर राहू द्यावा.

याच आक्षेपाचा दुसरा भाग असा, की भोक नसलेला जुना गोळा हाती आला तर त्याला भोक पाडायचं का? अजिबात नाही. व्हर्जिनियातल्या मृत्यूचा धडा तोच आहे. भोक पाडणं हे संग्राहकाचं काम नव्हेच. ती वस्तू ज्या लष्करी आस्थापनेतून किंवा कारखान्यातून बाहेर पडते तिथल्या माणसांचं ते काम, आणि वस्तू आपल्याकडे येण्याआधी ते झालेलं असलं पाहिजे. बिनभोकाची वस्तू समोर आली तर तिला हात न लावता ११२ वर कळवायचं. छंदाच्या दृष्टीने हे रुक्ष आहे, पण त्याला पर्याय मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप बाहेरच्यांचा: संहाराची साधनं घरात मांडता कशाला, हे युद्धाचं उदात्तीकरण नाही का? मला वाटतं, उदात्तीकरण करतो तो गुळगुळीत, बंद, चकाकणारा गोळा, कारण तो काय करतो हे तो सांगत नाही. सैनिकांना शिकवायला वापरतात तसं उभं कापलेलं मॉडेल शेजारी ठेवून पाहा. एका प्रकारात पोटात तांब्याचा पातळ शंकू उलटा बसवलेला दिसतो. त्यामागची दारू उडाली की तो शंकू धातूची बारीक धार होऊन चिलखत भेदतो. दुसऱ्या प्रकारात कवच पातळ आणि आत मऊ स्फोटक. ते चिलखताला भेदत नाही, त्यावर थापल्यासारखं पसरतं आणि फुटतं. चिलखताच्या आतल्या बाजूचे टवके उडून रणगाड्यातल्या माणसांना लागतात. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ मध्ये फिलोरा-चाविंडाच्या लढाईत पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, हे शाळेतला मुलगा पाठ म्हणतो. रणगाड्यातला माणूस नेमक्या कशाला तोंड देत असतो हे त्याला कळायचं तर गोळ्याचं पोट पाहावं लागतं. कापलेला भाग किंवा भोक लपवलं की उरतं ते निव्वळ सौंदर्य, आणि त्या सौंदर्याबद्दल मलाही थोडी धास्ती वाटते.

मग लाकडाची किंवा फायबरची प्रतिकृती का नको? हवी. शाळा-महाविद्यालयात मी प्रतिकृतीच सुचवेन.  तिथे वस्तू शेकडो हातांतून जाते आणि परवानग्यांचा खटाटोप कोणी करत नाही. फक्त प्रतिकृतीवरही ती प्रतिकृती असल्याचं ठळक लिहिलेलं असावं.

एका ठिकाणी मात्र माझा भोकाचा नियम अपुरा पडतो. चिलखतभेदी भरीव गोळ्याला पोटच नसतं. जुना असेल तर तो पोलादाचा ठोकळा, नवा असेल तर टंगस्टनच्या मिश्रधातूची पंख लावलेली बारीक कांडी, पोलादाच्या दुपटीहून जड. त्यात स्फोटक नाही म्हणून लोक निर्धास्त असतात आणि बुडाकडे पाहत नाहीत. गोळ्याचा मार्ग तोफचीला दिसावा म्हणून बुडाच्या खोबणीत ट्रेसरची जळणारी भुकटी भरलेली असते, आणि ती प्रत्येक वेळी पूर्ण जळलेली असेलच असं नाही. तेव्हा अशा गोळ्याची खोबण रिकामी करूनच तो बाहेर दिलेला असावा, आणि कपाटात तो आडवा मांडावा. बूड पुढे, खोबण उघडी, आणि खालून एक छोटा दिवा सोडलेला, म्हणजे पाहणाऱ्याला वाकावं लागणार नाही.