चढणीला मोटर, उतरणीला चिमटा

आमच्या देवांना जितकी वाहने आहेत तितकी एखाद्या संस्थानिकालाही नसतील. गरुड, नंदी, मूषक, मयूर ही त्यांची नित्याची. उत्सवप्रसंगी रथ आणि पालखी ही नैमित्तिक. ह्यांपैकी रथ आणि पालखी ह्या दोहोंत एक भेद आहे, आणि तो भक्तांच्या सहसा ध्यानात येत नाही. रथाचे चाक दगडावर चढले की मूर्तीसकट अवघा रथ चढतो आणि दाणकन खाली येतो. पालखीचे तसे होत नाही. तिचा दांडा लवतो, भोई गुडघ्यात किंचित वाकतो, वाटेतला खळगा त्याच्या पोटऱ्यांतच जिरतो, आणि आतला देव निर्विकार मुद्रेने पुढे जातो. सायकलच्या दुकानातील पोरे ज्याला ‘शॉकअप’ म्हणतात, त्याचे सारे शास्त्र त्या भोयाच्या गुडघ्यात आहे. धक्का वर पोहोचू द्यावयाचा नाही, आणि जिरवलेला धक्का उसळून परत द्यावयाचा नाही, ही त्याची दोन कलमे.

सायकल ही वस्तू आमच्या प्रांताला नवी नाही. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बंधूंच्या साहाय्याने बेळगावात सायकलींचे दुकान काढले. स्वतः लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तंत्रशाळेत शिकवीत, आणि बेळगावचा व्यवहार रामचंद्रपंत पाहात. पुढचे लोखंडी नांगर, पुढची किर्लोस्करवाडी, हे सारे ह्या दुचाकीच्या मागून आले. योगायोग असा की, त्याच १८८८ साली डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आयर्लंडातील बेलफास्ट येथे हवेच्या टायरचे पेटंट घेतले. सायकलीचा पहिला यशस्वी शॉकअप तो टायरच होय. चिमट्याचा क्रमांक त्यानंतर पुष्कळ वर्षांनी लागला. तेल भरलेला दुर्बिणीसारखा सरकता चिमटा १९३५ साली जर्मनीत बी.एम.डब्ल्यू.च्या मोटरसायकलीला लागला, आणि डोंगरी सायकलीला तो देण्याची चाल १९८९ साली अमेरिकेतील रॉकशॉक्सच्या चिमट्यापासून रूढ झाली.

आता ह्या डोंगरी सायकलीला विजेची मोटर जडली आहे. पुण्यामुंबईची तरुण मंडळी ती हौसेखातर घेतात. निपाणीच्या बाजूस मात्र तिच्याकडे लोक गरजेच्या दृष्टीने पाहू लागले आहेत. आमच्या गावाच्या पूर्वेस काळी जमीन. पावसाळ्यात चाकाला अशी बिलगते की चाकाचे जाते होते. पश्चिमेस राधानगरी-आजऱ्याकडे सरकावे तसा जांभा दगड वर येतो, आणि त्याची बारीक गोल खडी उतारावर पायाखालून निसटते. दक्षिणेस तवंदीचा घाट. अशा मुलुखात सायकल चालविणारास मोटर केवळ चैनीसाठी हवी असते असे आम्हांस वाटत नाही.

आमच्याकडे हा विषय आला तो एका पुजारीबोवांच्या निमित्ताने. गावापासून काही मैलांवर एका टेकडीवर लहानसे देवस्थान आहे. तेथील नित्यपूजा त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. गुरुजींचे वय साठीच्या घरात, मुलगा पुण्यास नोकरीला, आणि टेकडीवर उन्हाळ्यात पाणी नाही. दहा लिटर पाणी, तेलाची बाटली, फुले आणि नैवेद्य घेऊन रोज चढावयाचे. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा मुलाने त्यांना एक विजेची सायकल घेऊन दिली. ती दारात उभी करून गुरुजींनी प्रश्न केला, “वकीलसाहेब, ह्याला लायसन लागतंय काय?”

प्रश्न आमच्या धंद्याचा होता. केंद्रीय मोटर वाहन नियमांपैकी दुसऱ्या नियमात ह्याचे उत्तर आहे. पायडलला साहाय्य करणारी मोटर तीस मिनिटांच्या मापाने पाव किलोवॅटहून कमी शक्तीची असावी. वेग वाढेल तशी तिची मदत कमी होत ताशी २५ किलोमीटरला, किंवा पाय थांबताच त्याआधीही, ती बंद पडावी. ब्रेक योग्य असावेत. पुढे पांढरा आणि मागे तांबडा परावर्तक असावा. आणि ह्या सर्वांची खात्री मान्य चाचणीसंस्थेने केलेली असावी. असे असेल तर ती सायकल कायद्याच्या दृष्टीने मोटर वाहन नव्हे. परवाना नको, नोंदणी नको, विमा नको. गुरुजींची सायकल ह्या व्याख्येत नीट बसत होती.

पाव किलोवॅट म्हणजे अश्वशक्तीचा तिसरा हिस्सा. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. परंतु हिशेब करून पाहावा. गुरुजी, सायकल आणि पाणी मिळून वजन नव्वद किलो धरले, चढण दहास एक धरली आणि वेग ताशी नऊ किलोमीटर धरला, तर केवळ चढण्यासाठी सुमारे सव्वादोनशे वॅट लागतात. सामान्य माणूस तासभर टिकवू शकतो ती शक्ती पाऊणशे ते शंभर वॅट. तेव्हा मोटर आणि गुरुजी मिळून टेकडी चढतात, आणि दोघांपैकी कोणासही धाप लागत नाही. चढणीविषयी गुरुजींची तक्रार नव्हतीच.

तक्रार होती ती उतरणीची. पूजा आटोपून खाली येताना त्यांचे मनगट बधिर होई, आणि एका वळणावर पुढचे चाक खडीवरून उडून बाजूला पडे. ह्यातले मर्म असे की, मोटर साहाय्य करते ते चढताना. उतरताना ती मुकाट बसते, आणि तिचे व बॅटरीचे वजन तेवढे मागे राहते. साधी डोंगरी सायकल बारा-चौदा किलोची, तर ही बावीस-पंचवीस किलोची. हे ओझे उतारावर थोपवावयाचे ते ब्रेकने, आणि सांभाळावयाचे ते चिमट्याने.

गुरुजींच्या सायकलीला शंभर मिलिमीटर दबणारा, पोलादी स्प्रिंगचा चिमटा होता. तो दिसावयास भरभक्कम होता, पण गुरुजींच्या पंचावन्न किलो वजनाची त्याने दखलच घेतली नव्हती. अशी स्प्रिंग बहुधा जड स्वारासाठी बेतलेली असते. वरची टोपी फिरवून ती आधीच थोडी दाबता किंवा सैल करता येते, परंतु तिचा मूळ कडकपणा त्याने बदलत नाही. चिमट्याच्या नळीवर रबराचे कडे सरकवून गुरुजींना बसविले आणि उतरविले, तर कडे जेमतेम पाच मिलिमीटर हलले. वास्तविक स्वार नुसता बसला असता चिमटा आपल्या एकूण चालीच्या पंधरा ते पंचवीस टक्के खाली बसला पाहिजे. तरच चाक खळग्यात उतरू शकते. नाहीतर ते खळग्यावरून उडी मारते. गुरुजींचे चाक वळणावर उडे ते ह्यामुळे.

चिमट्याला हात लावण्यापूर्वी आम्ही डनलॉपसाहेबांचे स्मरण केले, आणि टायरमधील हवा थोडी कमी करविली. दुकानदाराने ती दगडासारखी घट्ट भरली होती. एवढ्यानेच मनगटाचे दुखणे निम्मे उतरले. चिमट्यासाठी हजारो रुपये मोजण्यापूर्वी प्रत्येकाने हा फुकटचा उपाय करून पाहावा.

उरलेल्या निम्म्यासाठी हवेचा चिमटा घ्यावा, ह्याविषयी दुमत नव्हते. त्यात पोलादी स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा असते. लहान पंपाने ती स्वाराच्या वजनाप्रमाणे कमीजास्त करता येते. दुमत झाले ते लांबीविषयी. बेळगावच्या एका उत्साही कारागिराने एकशेसाठ मिलिमीटरचा चिमटा सुचविला. “जेवढा लांब, तेवढा मऊ,” हा त्याचा सिद्धान्त. आम्ही निर्मात्याची पुस्तिका मागविली. कराराचा मसुदा वाचावा तशी ती वाचली, आणि आम्हांस हवे ते कलम सापडले: ह्या सांगाड्याला एकशेवीसपर्यंतचा चिमटा चालेल, त्यापुढे हमी नाही.

हे कलम निष्कारण घातलेले नाही. चिमटा वीस मिलिमीटरने लांबला की हँडलची नळी जवळजवळ एक अंशाने मागे कलते, पायडलचा आस सहा-सात मिलिमीटर उचलला जातो, आणि स्वार तितकाच मागे ढकलला जातो. साठ मिलिमीटर लांबविला की हे सारे तिप्पट. मग चढणीवर पुढचे चाक जमीन सोडू पाहते, आणि नळीच्या सांध्यावर निर्मात्याने न कल्पिलेला ताण येतो. एकशेवीसचा हिशेब निराळा. जुना शंभरचा चिमटा गुरुजींच्या वजनाने पाच मिलिमीटर बसत होता, म्हणजे पंचाण्णव उरत होता. नवा एकशेवीसचा, विसांश नव्हे तर वीस टक्के, म्हणजे चोवीस मिलिमीटर बसतो, उरतो शहाण्णव. बाकी मापे सारखी धरली तर स्वार बसल्यावर सायकलीची ठेवण होती तशीच राहिली, आणि खळग्यात उतरण्याची व धोंड्यावर चढण्याची मुभा मात्र चाकास मिळाली. कागदावरचे अंश रिकाम्या सायकलीचे असतात. सायकल चालते ती माणूस बसल्यावर.

ह्या ठेवणीच्या शास्त्राचा हल्ली फार बोलबाला आहे. हँडलच्या नळीचा कोन जमिनीशी जितका लहान, तितके पुढचे चाक स्वारापासून पुढे जाते आणि उतारावर सायकल शहाण्यासारखी वागते. पूर्वीच्या डोंगरी सायकलींत हा कोन सत्तर-एकाहत्तर अंशांचा असे. आता चौसष्ट ते सदुसष्टपर्यंत आला आहे, आणि ही मोठी प्रगती समजली जाते. आम्हांस मौज वाटते ती अशी की, दूधवाले आणि पोस्टमन ज्या काळ्या, उंच, अठ्ठावीस इंची चाकांच्या इंग्रजी घाटाच्या सायकलींवर हिंडत, त्यांचा हा कोन सदुसष्टच्या आसपासच होता. त्या कच्च्या रस्त्यांसाठी घडविल्या होत्या. नवे आहे ते सीटच्या नळीचे. जुन्या सायकलीत तीही तेवढीच मागे कललेली असे, त्यामुळे चढणीवर स्वार मागच्या चाकावर लोंबकळे. आता ती पंचाहत्तर-सत्त्याहत्तर अंशांपर्यंत उभी केली जाते. स्वार पायडलच्या वर येतो आणि मोटरच्या जोराने पुढचे चाक उचलले जात नाही. नवी सायकल निवडणाराने प्रथम हा कोन पाहावा, कारण चिमटा मागाहून बदलता येतो, सांगाडा बदलता येत नाही. चिमटा बदलतानाही तीन गोष्टी जुळाव्या लागतात: वरची दांडी सरळ आहे की खाली रुंदावत जाणारी, चाकाचा आस नऊ मिलिमीटरचा की पंधराचा, आणि तो चिमटा विजेच्या सायकलीच्या वजनासाठी मान्य आहे की नाही.

ह्याच सुमारास एकाने गुरुजींना दुसरीच सुधारणा सुचविली. मोटरचे बंधन ‘खोलून’ ताशी चाळीसचा वेग काढून देतो, म्हणाला. येथे आम्ही वकिलाचा आवाज काढला. बंधन खोलले की ती सायकल मोटर वाहन ठरते. मग नोंदणी, परवाना आणि त्रयस्थाचा विमा हे सारे लागते, आणि अशा वाहनाची नोंदणी व्हावयाची कशी? उद्या वाटेत एखादे पोर आडवे आले, तर भरपाई गुरुजींच्या चार गुंठ्यांतून निघेल. गुरुजी म्हणाले, “देवाला काय घाई आहे होय?” आणि तो विषय तेथेच संपला.

राहता राहिला पैसा. चिमट्याची किंमत गुरुजींच्या कित्येक महिन्यांच्या दक्षिणेएवढी होती. प्रश्न देवस्थानच्या पंचांपुढे गेला. एका ज्येष्ठ पंचांनी, आणि ते आमच्या आदरास पात्र आहेत, आक्षेप घेतला की, देवाचा पैसा पुजाऱ्याच्या वाहनाला देणे हा पायंडा बरा नव्हे. आज चिमटा, उद्या मोटरगाडी. आक्षेप पोकळ नव्हता. देवस्थानांची धूळधाण अशाच वाटांनी झालेली आम्ही कोर्टात पाहिली आहे. आमचे म्हणणे एवढेच होते की, खर्च कोणाच्या सुखासाठी आहे हे न पाहता कोणत्या कार्यासाठी आहे हे पाहावे. नंदादीपाचे तेल हा देवाचा खर्च असेल, तर ते तेल टेकडीवर पोहोचविणे हाही देवाचाच खर्च आहे. गुरुजी उद्या त्या वळणावर पडले, तर परवाच्या पूजेला कोण जाणार, ह्या प्रश्नाला सभेत कोणापाशी उत्तर नव्हते. गावातील कोणाचाही मुलगा आता ते काम अंगावर घेणार नाही, हे सर्वांस ठाऊक होते. ते मोठ्याने बोलावयास मात्र कोणी धजत नव्हते.

अखेर त्या ज्येष्ठ पंचांनीच तोड काढली. गुरुजींनी सायकल देवस्थानास अर्पण करावी, चिमट्याचा खर्च देवस्थानने करावा, आणि पुजारी जो असेल त्याने ती वापरावी. ठराव एकमताने झाला. जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत पालखी, अब्दागिरी आणि चांदीची प्रभावळ ह्यांच्या खाली आता एक ओळ आली आहे: विजेची सायकल, एक.

नोंद झाली म्हणून वस्तू टिकत नाही. पालखीच्या दांड्याला जसे तेलपाणी लागते, तसे चिमट्यालाही लागते. दर पावसानंतर नळ्या कोरड्या फडक्याने पुसाव्या, हवा महिन्यातून एकदा तपासावी, आणि सुमारे पन्नास तासांच्या वापरानंतर खालच्या पायांतले तेल बदलावे. उसळी आवरणारा स्क्रू फार सैल ठेवला तर हँडल हाताला झटका देते. फार आवळला तर खडीवर चिमटा दर धक्क्याला थोडा थोडा खाली बसत जातो आणि वर येतच नाही. दोन्हींच्या मधले स्थान ज्याचे त्याने शोधावयाचे असते. गुरुजींनी ते शोधले आहे. त्या वळणावर चाक आता जमिनीला धरून राहते, आणि टेकडीवरचा दिवा रोज वेळेवर लागतो.