व्हायब्रेटो नावाचा ट्रेमोलो

जुन्या अमेरिकी गिटार-अॅम्प्लिफायरच्या दर्शनी पट्टीवर जेथे 'व्हायब्रेटो' असे छापलेले असते, तेथे पुष्कळदा ट्रेमोलो असतो. ट्रेमोलो म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेचा नियमित चढउतार, व्हायब्रेटो म्हणजे स्वराच्या उंचीचा. फेंडर कंपनीने १९५४ साली आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या स्वर हलवणाऱ्या दांडीला 'ट्रेमोलो' म्हटले आणि पुढे अॅम्प्लिफायरमधील तीव्रतेच्या कंपनाला 'व्हायब्रेटो'. दोन्ही नावे नेमकी उलट पडली आणि तशीच रूढ झाली. (आपल्या संगीतातील आंदोलन हे खऱ्या व्हायब्रेटोच्या कुळातले.) शब्दार्थाविषयी हळवे असणाऱ्या आम्हांस ही पट्टी दर वेळी टोचते.

आमच्यापुढे आलेल्या १९६०च्या दशकातील अॅम्प्लिफायरमध्ये हे कंपन उठतच नव्हते. बाकी ध्वनी निर्दोष होता. मालकाची अट एकच होती: वडील वाजवीत तेव्हा तो जसा हले, तसाच हलावा.

अशा वेळी संशय प्रथम जातो तो एका लहानशा काळ्या नळीवर. तिच्यात निऑनचा दिवा आणि त्याच्यासमोर प्रकाशाने रोध बदलणारा एक घटक असतो. दिवा लुकलुकतो, रोध वरखाली होतो, ध्वनी त्याबरोबर हलतो. निऑन झटकन पेटतो आणि झटकन विझतो. परंतु समोरचा घटक आळशी असल्याने त्या झटक्यांच्या कडा बोथट होतात. या यंत्राचा गोडवा त्या आळसात आहे. नवी नळी बसवणे सोपे. तिचा आळस जुन्यासारखाच असेल, याची हमी कोण देणार? ज्यांनी पाठचिकित्सा शिकवली वा शिकली आहे, त्यांना हा पेच परिचित वाटेल. ओळ लागत नाही म्हणून शब्द बदलण्यापूर्वी बिघाड कोणत्या प्रतीत शिरला, हे पाहावे लागते.

येथे प्रती म्हणजे टप्पे. पायाने दाबण्याचा स्विच जोडल्यावाचून काही यंत्रांत कंपन सुरूच होत नाही; तो ठीक होता. १२एएक्स७ व्हॉल्व्ह बदलून पाहिला, फरक नाही. मग मीटर लावला, आणि तोही काट्याचा. कंपन सेकंदाला मोजकेच झोके घेते, त्यामुळे व्हॉल्व्हच्या प्लेटवर काटा डोलताना दिसायला हवा. अंकांच्या मीटरवर नुसती आकड्यांची गर्दी होते. काटा स्तब्ध होता. म्हणजे दिव्यापर्यंत काही पोचतच नव्हते. काळी नळी त्या दोषातून सुटली.

असा आंदोलक आपलाच आवाज तीन कंडेन्सरांच्या साखळीतून फिरवून स्वतःला परत ऐकवतो. साखळीत आवाज फार क्षीण होतो. तिचे तिन्ही दुवे समान असतील तर एकोणतीसपट वर्धन मिळाल्याखेरीज आंदोलन टिकत नाही. व्हॉल्व्हच्या कॅथोडजवळचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वयोमानाने सुकला की वर्धन घटते. यंत्र बंद करून, त्याला समांतर नवा कंडेन्सर तात्पुरता जोडून पुन्हा चालू केले, आणि काटा डोलू लागला.

डाख लावण्यापूर्वी एक सूचना. वीज तोडल्यावरही आत चारशेहून अधिक व्होल्ट टिकून असू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवल्यावाचून हात घालू नये. हे विधान अलंकारिक नव्हे.

कंपनाबरोबर एक बारीक टकटकही परतली. निऑन पेटतानाचा ठोका शेजारच्या तारांत शिरतो. तारा थोड्या दूर सरकवल्या की बहुधा कमी होतो. मालक म्हणाले, ती टकटक तेव्हाही होती, राहू द्या. आम्हांस ते पटले नाही, पण तारा हलवल्या नाहीत.