रिद्धपूरची गणती

गेल्या हिवाळ्यात आमच्या इयत्तेची सहल अमरावतीहून मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर क्षेत्री गेली होती. आमच्या एका वर्गबंधूचे आजोबाही हौसेने बरोबर आले होते. वय सत्त्याऐंशी, परंतु काठीवाचून चालणारे. त्यांस एक विलक्षण खोड होती. गाडी जेथे जेथे थांबे, तेथे ते बोट दाखवून आम्हां सर्वांस मोजीत, आणि निघतेवेळी पुन्हा मोजीत. तिसऱ्या खेपेस आम्हांस हसू आवरले नाही. त्यांचा नातू मात्र मान खाली घालून बसला.

रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे परम तीर्थ. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य येथेच होते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधरस्वामींचा वियोग झाल्यावर नागदेवाचार्यादी शोकाकुल शिष्य येथे येऊन राहिले. म्हाइंभटांनी त्यांस विचारून आणि गावोगाव पायपीट करून स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. त्यांतून मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाला. पुढे धाडीत मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा हिराइसादिकांनी स्मरणाच्या बळावर ती पुन्हा उभी केली. आज मराठी भाषा विद्यापीठही याच गावी स्थापन झाले आहे.

वाजेश्वरीच्या स्थानी गुरुजींनी ही हकीकत सांगितली. आम्ही ऐकून पांगणार, इतक्यात आजोबा खाली बसले आणि म्हणाले, “आम्ही सक्खरहून निघालो तेव्हा सात जण होतो.”

मग ते थांबलेच नाहीत. देशाची फाळणी १९४७ च्या ऑगस्टात झाली. १९४८ च्या जानेवारीत कराचीत दंगल उसळली आणि सिंधी कुटुंबे बंदराकडे धावली. नऊ वर्षांचे आजोबा आगबोटीने मुंबईस आले. तेथून कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांची रवानगी झाली. युद्धकाळात सैनिकांसाठी उभारलेल्या त्या बराकींत पडदे लावून संसार मांडले गेले. त्याच वस्तीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीत तापाच्या साथीत त्यांची धाकटी बहीण गेली. सातांचे सहा झाले. त्या रात्रीपासून त्यांस मोजल्यावाचून झोप येत नसे.

पुढे त्यांनी आगगाडीच्या डब्यांत गोळ्या-बिस्किटे विकली, रात्रीच्या शाळेत मराठी शिकले, आणि मामाच्या आश्रयाने अमरावतीस येऊन कापडाचे दुकान थाटले. दुकान वाढले, नातवंडे झाली. पण बहिणीचे नाव त्यांनी घरात कधी उच्चारले नव्हते. त्या दिवशी उच्चारले. ते आम्ही येथे लिहीत नाही. ते त्यांचे आहे.

आम्हांपैकी कोणीही हसले नाही. थोड्या वेळाने, मघाशी सर्वांत मोठ्याने हसलेला मुलगा पुढे झाला आणि त्याने आजोबांच्या पायांवर डोके ठेवले. आजोबांनी त्यास उठवून म्हटले, “हसलात ते बरे झाले. मुले हसत आहेत म्हणजे सारी आहेत.”

वाचकहो, जखम झाकून ठेवली की ती भरते, असा आमचा समज होता. रिद्धपुरास तो पालटला. सर्वस्व गमावलेल्या शिष्यांनी येथे दुःख विसरण्याचा यत्न केला नाही. आठवणी सांगितल्या, कोणी ऐकल्या, कोणी लिहून घेतल्या. आजोबांसही पाऊणशे वर्षे उणीव होती ती ऐकणाऱ्याची.

आजोबांस सिंधी लिहिता येते. नातवास ती लिपी वाचता येत नाही. म्हणून आता दर रविवारी आम्ही चौघे त्यांच्या ओसरीवर वह्या घेऊन बसतो. ते मराठीत सांगतात, आम्ही उतरून घेतो. दोन वह्या भरल्या आहेत. निघताना ते अजूनही आम्हांस मोजतात. आणि आम्ही एका रांगेत उभे राहून मोठ्याने आपापला आकडा सांगतो.